खंबातचं आखात: लोथलच्या कालव्यापासून दहेजच्या धक्क्यापर्यंत, जहाज आत यायचं कसं?

मांडवीकर (बडोदा)

गेल्या पौर्णिमेला आम्ही घरची सहा माणसं कावी-कंबोईला गेलो होतो. बडोद्याहून जंबुसरमार्गे साधारण पंच्याहत्तर किलोमीटर. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा भरतीखाली जातं, हे बडोद्यात बहुतेकांना माहीत असतं. मी मात्र पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिलं. दर्शन झालं, पुजाऱ्यांनी सगळ्यांना वर बोलावलं आणि आम्ही कठड्याशी उभे राहिलो. समोर नजर जाईल तिथवर राखाडी चिखल होता. मग दूरवर एक रेघ हलताना दिसली. पाण्याला आवाज होता, पण आपल्या ओळखीच्या लाटांचा नाही. सतत काहीतरी घासत यावं तसा. पाऊण तासात पायऱ्या गेल्या, मग पिंडी गेली. आई अठ्ठ्याहत्तरची आहे. ती म्हणाली, "अरे, इतक्या जवळ समुद्र आहे आणि आपण तो बघायला दरवर्षी अलिबागला जातो!"

घरी आल्यापासून हेच डोक्यात आहे. बडोद्याला आपण समुद्रापासून दूरचं शहर मानतो. पण विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर ह्याच आखातात उतरते. आपल्या मागच्या-पुढच्या गावांची सगळी श्रीमंती ह्या चिखलातून आली: भडोच, खंबायत (म्हणजेच खंबात), घोघा, सुरत. आणि प्रत्येकाला एकच अडचण होती. पाणी दिवसातून दोनदा पळून जातं, तर जहाज आत न्यायचं कसं?

ह्या अडचणीचं मला माहीत असलेलं सर्वांत जुनं उत्तर हडप्पाकालीन लोथलला आहे. एस. आर. राव यांनी १९५५ ते १९६० तिथे उत्खनन केलं. गावाच्या पूर्वेला भाजक्या विटांचा एक प्रचंड हौद निघाला, लांबी सव्वादोनशे मीटरच्या आत-बाहेर, रुंदी ३७ मीटरच्या आसपास. रावांच्या मते ही गोदी. उत्तरेकडून सुमारे बारा मीटर रुंदीच्या तोंडातून भरतीच्या पाण्याबरोबर नावा आत येत. दक्षिणेला जादा पाणी बाहेर सोडायची वाट होती आणि तिच्या भिंतीत उभ्या खाचा. त्या खाचांत लाकडी फळ्या सरकवून ओहोटीतही आतलं पाणी अडवून धरायचं. पुढे मोठा पूर आला, नदीने पात्र बदललं आणि गोदी कोरडी पडली. तेव्हा त्या लोकांनी गाव सोडलं नाही. नदी जिथे सरकली होती तिथवर, जवळपास दोन किलोमीटर, कालवा खणला. तो उथळ आणि अरुंद होता, मोठ्या नावा त्यातून येईनात, त्या बाहेरच थांबत आणि लहान नावा माल आत आणत.

मी अडखळलो ते इथेच. मोठं जहाज बाहेर, शहर आत, आणि मधे भरतीबरोबर ये-जा करणाऱ्या लहान होड्या. पुढची चार हजार वर्षं ह्या आखातातल्या प्रत्येक बंदराची हीच मांडणी दिसते. खंबायतला येणारी मोठी जहाजं आखाताच्या पश्चिम काठावरच्या घोघ्याला नांगर टाकत. जहांगीर १६१७ मध्ये खंबायतला गेला होता. त्याने लिहून ठेवलंय की जहाजं घोघ्याला थांबतात आणि माल गुराबांत भरून इकडे आणतात. (गुराब म्हटलं की आपल्याला मराठ्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज आठवतं, इथे तीच वाहतुकीची होडी आहे.) सुरतेलाही तेच. इंग्रजांची जहाजं तापीच्या मुखाबाहेर सुवाळीला उभी असत आणि माल नदीतून शहरात जाई.

म्हणून माझं म्हणणं असं, की ह्या आखातात 'बंदर' म्हणजे धक्का नव्हेच. बाहेरचा नांगरवाडा, आतली पेठ आणि त्या दोघांमधलं पंचवीस-पन्नास किलोमीटरचं फसवं पाणी ओळखणारी माणसं, हे सगळं मिळून बंदर. त्या माणसांबद्दल फार कमी लिहिलं गेलंय. इथे कुणी दर्यावर्दी असतील, कुणाचे आजोबा ओख्याला किंवा बिलिमोऱ्याला गायकवाडी नोकरीत असतील, तर कृपया लिहा.

नांगरवाला

मांडवीकर, मी तेवीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली. खंबातच्या आखातात शिरताना ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, जी शांतता असते ती मी फार कमी ठिकाणी अनुभवली आहे.

तुम्ही पाऊण तासात पायऱ्या गेल्या म्हणता, ते अगदी बरोबर आहे. आखाताचं तोंड दीव ते दमण धरलं तर दोनशे किलोमीटरच्या जवळपास आहे, आणि आत खंबातकडे ते नरसाळ्यासारखं चिंचोळं आणि उथळ होत जातं. एवढ्या रुंदीतून आत ढकललेलं पाणी शेवटी जाणार कुठे? वरच चढतं. मुंबईला उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास असते, भावनगरला ती दहाच्या घरात जाते. आता साधा हिशोब. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी! दहा मीटरचा चढ असेल तर दोन तासांत पाच मीटर. उभ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी जायला पाऊण तास पुरतो. आणि हा हिशोब आतल्या भागात तोकडाच पडतो, कारण तिथे भरती कमी वेळात उसळून येते आणि ओहोटी रेंगाळत जाते.

प्रवाह हा वेगळाच विषय. इंजिन चालू असूनही जहाज जमिनीच्या हिशोबात जागच्या जागी उभं आहे, असं मी बघितलंय. शिडाच्या गलबताचं काय होत असेल! त्यांना एकच मार्ग: पाणी चढायला लागलं की निघा, उतरायला लागायच्या आत खोल डोह गाठून नांगर टाका, सहा तास बसा, पुन्हा निघा.

प्राकृतप्रेमी (पुणे)

नांगरवाला, तुमचं शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला, कारण हुबेहूब हेच पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रीक खलाशी-वहीत आहे. तिच्यात भडोचचं नाव बारिगाझा. लिहिणारा अनामिक व्यापारी स्वतः इथे येऊन गेलेला वाटतो, इतकं ते नेमकं आहे. आखाताचं तोंड सापडायला अवघड, किनारा सखल असल्याने जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि सापडलं तरी नदीतले उथळे घात करतात. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी भरपूर वल्हेकरी असलेल्या मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांना दोर लावून आत आणत. भरती सुरू झाली की ओढायचं, ओहोटीला ठरलेल्या डोहांत थांबायचं. मुखापासून भडोचपर्यंत ३०० स्टेडिया, म्हणजे सुमारे पंचावन्न किलोमीटर, असे टप्पे.

त्या होड्यांची नावं त्याने 'त्रप्पगा' आणि 'कोतुंबा' अशी दिली आहेत. ही ग्रीक नव्हेत. प्राकृतातल्या 'अंगविज्जा' ग्रंथात नावांच्या यादीत 'तप्पक' आणि 'कोट्टिंब' येतात. म्हणजे परदेशी माणसाने आपल्या कोळ्यांच्या तोंडचा शब्द कानाने टिपून लिहिला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नर्मदेवरच्या वाटाड्यांचं एवढंच काय ते आपल्या हाती आहे: त्यांच्या होड्यांची नावं.

भरतीच्या आवाजाबद्दल तो म्हणतो, दुरून सैन्याचा गलका ऐकू यावा तसा. तुम्ही 'घासत यावं तसा' म्हणालात, जवळच आहे की!

मांडवीकर

प्राकृतप्रेमी, फार मोठं काम केलंत. मी 'माणसं' म्हणालो तेव्हा मला त्यांचं काही नाव-निशाण मिळेल असं वाटलं नव्हतं. 'राजाच्या चाकरीतले' हा तपशील महत्त्वाचा. म्हणजे वाटाडे पाठवणं हे राज्याचं काम होतं, व्यापाऱ्याच्या नशिबावर सोडलेलं नव्हतं.

उत्खननातली

मी इथल्याच विद्यापीठात पुरातत्त्व शिकते. काका, धागा सुंदर आहे, पण लोथलबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी. तो हौद गोदीच होता ह्यावर सगळ्यांचं एकमत नाही. १९६०च्या दशकातच लॉरेन्स लेश्निक यांनी आक्षेप घेतला होता, की हा गोड्या पाण्याचा, शेतीसाठीचा साठा असावा. आत यायची वाट जहाजाला वळायला अडचणीची आहे, हा आक्षेप आजही काही अभ्यासक घेतात. उलट बाजूने हौदात दगडी नांगर सापडले, शेजारी विटांचा धक्का आहे, वखारीचा चौथरा आहे, मुद्रांचे मातीचे ठसे आहेत, आणि इराणी आखाताच्या धाटणीची एक मुद्राही लोथलला मिळाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांना तळाच्या गाळात खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची कवचं मिळाली. नुसत्या शेततळ्यात ती कशाला येतील? अलीकडे आयआयटी गांधीनगरच्या गटाने उपग्रहचित्रांवरून साबरमतीचं जुनं पात्र लोथलच्या अगदी लगत होतं असं दाखवलंय.

माझं स्वतःचं मत गोदीच्या बाजूने झुकतं. पण सहलीला गेल्यावर गाइड जे छातीठोकपणे सांगतो तसं आपण इथे सांगू नये एवढंच.

दुसरं म्हणजे, अकीक, हा मण्यांचा रंगीत दगड. लोथलला मणी घडवायचा कारखाना आणि भट्टी निघाली. खंबातला आजही अकीक घासून मणी करतात, आणि दगड येतो भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूने. बंदर मेलं तरी कारागिरी त्याच आखाताच्या काठाने नुसती गाव बदलत राहिली. मला हा दुवा कुठल्याही विटेपेक्षा जास्त पटतो.

मांडवीकर

बेटा, दुरुस्ती मान्य. 'रावांच्या मते' असं लिहिलं होतं, पण पुढच्या ओघात मीच ते विसरलो. दोन किलोमीटरच्या कालव्याबद्दलही तेवढीच सावधगिरी बाळगायला हवी.

सौ_दांडियाबाजार

माझ्या आजेसासऱ्यांची नोकरी ओखामंडळात होती, गायकवाड सरकारच्या जकात खात्यात. घरात त्यांच्या गोष्टी अजून निघतात, म्हणून लिहिते.

गायकवाडांकडे दक्षिणेला नवसारी-बिलिमोऱ्याचा किनारा होता, बिलिमोऱ्याला आरमाराचं ठाणंही होतं. पण ती सगळी नदीच्या मुखातली, गाळाची बंदरं. सयाजीराव महाराजांनी मोठ्या बंदरासाठी जागा निवडली ती बडोद्यापासून पाचशेच्या आसपास किलोमीटरवर, सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला: ओखा. १९२६ मध्ये ते सुरू झालं. समोर बेट द्वारकेचा आडोसा, पाणी खोल, आणि खंबातच्या गाळाशी संबंधच नाही. आजेसासरे म्हणत, "महाराजांनी चिखलाशी भांडण घेतलं नाही, चिखल नसलेली जागा शोधली." त्याच ओखामंडळात मिठापूर उभं राहिलं, १९३९ मध्ये तिथे टाटांचा रसायनांचा कारखाना आला. आजेसासऱ्यांची तिकडे बदली झाली तेव्हा आजेसासूबाई लहान मुलं घेऊन बडोद्यातच राहिल्या. पत्र यायला लागायचे ते दिवस त्या बोटांवर मोजत. एकाच राज्यात राहून नवरा परदेशी असल्यासारखं वाटायचं, असं त्या सांगत.

मांडवीकर भावजी, तुमच्या 'बंदर म्हणजे माणसं' ह्या म्हणण्याशी मी सहमत आहे. तरी महाराजांनी जागाच बदलली, हेही त्या अडचणीचं एक उत्तर होतं ना?

मांडवीकर

वहिनी, नक्कीच होतं, आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळं राज्य ह्याच किनाऱ्यालगत असतं तर कदाचित महाराज गाळातच पैसे ओतत बसले असते. विखुरलेल्या मुलखाचा हा एक फायदा.

रत्नांग्रीचा

आमच्याकडे कोकणात भरतीची वेळ काढायची रीत आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. घड्याळ नसलेल्या तांडेलालाही (होडीच्या मुख्य खलाशालाही) हे तोंडपाठ असायचं. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं मागे पडते, त्यातून ही रीत आली. अष्टमीच्या आसपासची ती भांगेची भरती, पाणी कमी हलतं. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांतलं ते उधाण.

ही रीत तिकडे चालते का?

नांगरवाला

रत्नांग्रीचा, रीत चालते, वेळ चालत नाही. भरतीची लाट आखाताच्या तोंडातून आत सरकायला कित्येक तास घेते. मुंबईला पाणी पूर्ण भरलेलं असतं तेव्हा भावनगरला ते अजून चढत असतं. म्हणून प्रत्येक बंदराला आपला फरक मिळवावा लागतो. हा फरक पाठ असणारा माणूस म्हणजेच वाटाड्या. बाहेरचा तांडेल कितीही हुशार असला तरी कोकणचा हिशोब घेऊन खंबातला गेला तर रेतीवर बसणार.

उधाणाचा आजही रोजच्या धंद्यात केवढा उपयोग होतो ते बघायचं तर अलंगला जा. आखाताच्या पश्चिम काठावर, १९८३ पासून तिथे जुनी जहाजं तोडतात. गोदी नाही, क्रेनने ओढणं नाही. उधाणाच्या सर्वांत उंच पाण्यावर जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात, पाणी उतरलं की ते चिखलात बसतं. अलंगचं कॅलेंडर अमावास्या-पौर्णिमेवर चालतं. आणि भावनगर बंदरात लॉकगेट आहे: भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, ओहोटीत बाहेर पाणी कितीही उतरो, आतलं जहाज तरंगत राहतं. लोथलच्या त्या खाचांचा रावांनी लावलेला अर्थ खरा असेल, तर कल्पना तीच आहे.

इतिहासवेडा_ग्वाल्हेर

सगळं छान चाललंय, पण खंबात बंदर गाळाने मेलं असं नेहमी म्हणतात, ते मला पूर्ण पटत नाही. गाळ आधीही होता. मसूदी हा अरब प्रवासी ९१५च्या सुमाराला खंबायतला आला होता. ओहोटीत रेतीवर पडलेलं एक कुत्रं भरतीने गाठलं, जिवाच्या आकांताने पळूनही ते बुडालं, असं त्याने लिहिलंय. म्हणजे तेव्हाही तेच चिखलाचं मैदान. तरी त्यानंतर सहाशे वर्षं खंबायत भरभराटीत होतं. तोमे पिरेश सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो की खंबायत दोन हात पसरून आहे, एक एडनकडे आणि एक मलाक्काकडे. अकबराने पहिल्यांदा समुद्र पाहिला तो खंबायतलाच, १५७२ मध्ये. गाळ कायमचा होता, बदललं ते राजकारण: पोर्तुगीजांचे परवाने, मग सुरतेची बाजू घेणारे मुघल आणि कंपन्या.

मांडवीकर

ह्या मुद्द्यावर मी बराच विचार केला. दोन्ही खरं आहे असं म्हणून सुटता येईल, पण मला वाटतं तुमचं पारडं जड आहे. गाळ आणि भरती ही रोजची अडचण होती, आणि रोजची अडचण वाटाडे रोज सोडवत होते. त्यांना पोसायला व्यापार लागतो. व्यापार सुरतेला गेला, मग मुंबईला, माणसं गेली. घोघ्याचे खलाशी तर पुढे कितीतरी काळ दूरदूरच्या जहाजांवर नावाजलेले होते. ती निघून गेल्यावर उरलेला गाळ नुसता गाळ राहिला. मसूदीच्या कुत्र्याचा प्रसंग मला माहीत नव्हता. कंबोईला पुजारी का ओरडून बोलावतात ते आता नीट कळलं.

जंबुसरची_माहेरवाशीण

माझं माहेर जंबुसर तालुक्यातलं. मही नदीचं पाणी काय आहे ते आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं. १९३०च्या दांडी यात्रेत गांधीजी आणि सगळे यात्रेकरू १९ मार्चच्या रात्री कंकापुराहून मही ओलांडून कारेलीला आले. दिवसा निघता आलं असतं, पण महीवर वेळ आपण ठरवत नाही. होडीतून आणि मग गुडघाभर चिखलातून, रात्रीच्या अंधारात. साठी ओलांडलेला माणूस आणि हातात काठी! स्वातंत्र्याच्या लढ्यालासुद्धा इथे भरतीची वाट पाहावी लागली, हे मला लहानपणापासून फार मोठं वाटत आलंय.

रोरो_प्रवासी

दहेजचं कुणी लिहिलं नाही म्हणून. ऑक्टोबर २०१७ मध्ये घोघा-दहेज फेरी सुरू झाली, रस्त्याने तीनशेच्या वर किलोमीटर ते पाण्यातून ३१. बडोद्यातल्या भावनगरी मंडळींना केवढा आनंद झाला होता. पण दहेजच्या बाजूला गाळ साचत राहिला, पुरेशी खोली टिकेना, आणि शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये फेरी सुरतेजवळच्या हजिऱ्याहून सुरू झाली. आधुनिक ड्रेजर असूनही! त्याच दहेजला गॅसची अजस्र जहाजं मात्र २००४ पासून येतात, कारण त्यांची जेटी पुढे खोल पाण्यात आहे. पुन्हा तुमचंच: मोठं जहाज बाहेर.

मांडवीकर

रोरो, हे मी मूळ लेखातच घ्यायला हवं होतं.

आता एक प्रस्ताव. लोथलला एकत्र जाऊ या का? बडोद्याहून सकाळी लवकर निघालं तर वाटेत खंबातला अकीकवाल्यांकडे थांबता येईल.

उत्खननातली

काका, पावसाळा सरता सरता जाऊ. तेव्हा हौदात पावसाचं पाणी साठलेलं असतं आणि तो कोरडा बघण्यापेक्षा कितीतरी नीट समजतो. दक्षिणेकडच्या त्या खाचा मी दाखवते, त्या बघून मग तुम्हीच ठरवा गोदी की तलाव.

नांगरवाला

मी येतो. फक्त खंबातला आधी गेलो तर पाणी बघायला संध्याकाळ धरा, आणि तिथी भाद्रपद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची घ्या. त्या दिवसाचा भरतीचा तक्ता मी आदल्या आठवड्यात इथेच टाकतो.

मांडवीकर

ठरलं. आईला आत्ताच विचारलं. ती येणार आहे, आणि तिने कालनिर्णयवर त्या तारखेला गोल करून ठेवलाय.